सात नंबरचा बिल्ला

नारळ फुटायला अर्धा तास उरला होता आणि बोर्डावर एक बिल्ला लटकत होता.

"काढ तो," नाखरे साहेब म्हणाले.

"कुणाचा आहे ते कळल्याशिवाय कसा काढू, साहेब?"

"हाताने काढ. खिळ्याला अडकवलाय, वेल्डिंग केलेलं नाहीये."

माझ्या हातात आरतीचं ताट होतं. अंगावर आईची जांभळी इरकल आणि पायात यार्डाचे लोखंडी टोकाचे बूट, कारण साडीखाली कोण बघतंय! मी ताट डाव्या हातावर तोललं आणि उजव्या हाताने तो पितळी बिल्ला उलटा केला. सात नंबर. सुट्टा बिल्ला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग खाडी पाहिली, मग आभाळ पाहिलं. माझ्याकडे सोडून बाकी सगळीकडे पाहून झालं.

हे सव्वीस वर्षांपूर्वीचं. केळशेतच्या खाडीवरचं आमचं यार्ड तेव्हा आजच्यासारखं आडवंतिडवं पसरलं नव्हतं. तोवर आम्ही बार्ज आणि टग बांधत होतो. एकशे बारा नंबर हे नौदलाचं पहिलंच काम. भर समुद्रात गस्त घालायचं जहाज, वीतभर कमी शंभर मीटर लांब! नाव पाण्यात उतरल्यावर मिळणार होतं, तोवर सगळं गाव त्याला एकशे बारा म्हणायचं. केळशेतात त्या वर्षी जन्मलेल्या एका म्हशीचंसुद्धा नाव एकशे बारा होतं.

मी चोवीस वर्षांची, सहा महिन्यांच्या चाचणीवर लागलेली, आणि पाच महिने वीस दिवस झालेले. माझं काम बिल्ल्यांचं. जहाजाच्या पोटात तळाला टाक्या असतात. अंधाऱ्या, कमरेएवढ्या उंच, एकीतून दुसरीत रांगत जायचं. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला बोर्डावर लावायचा, बाहेर आल्यावर काढून न्यायचा. बोर्ड रिकामं झालं की मी सही करायची आणि मगच टाकीचं झाकण बोल्ट मारून बंद करायचं. कायम कामगाराचा बिल्ला त्याच्या नावावर. कंत्राटी माणसांसाठी दहा सुट्टे बिल्ले एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले, आणि ते कुणी नेले ते एका वहीत लिहायचं.

"वहीत बघ ना मग," साहेब म्हणाले.

"बघितलं. सात नंबरापुढे काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे आत कुणी नाही."

"म्हणजे आत कोण आहे ते माहीत नाही."

आता साहेब माझ्याकडे बघायला लागले. तसा माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर भरती होती. जहाज पाण्यात सोडायचं तर उतारावरून घसरत जाऊन ते खाडीत तरंगायला हवं, आणि त्याला पुरेल एवढं पाणी अकरा चाळीस ते बारापर्यंतच होतं. ती वेळ हुकली की पुढची मोठी भरती पंधरा दिवसांनी. तोवर जहाज निम्म्या पाचरी काढलेल्या अवस्थेत उतारावर ठेवणार कोण, आणि मांडवातल्या नौदलाच्या पाहुण्यांना पंधरा दिवस कांदेपोहे देत बसणार कोण!

"एक काम करायला ठेवलं होतं," ते हळूच म्हणाले, "आणि ते तुला आत्ता शेवटच्या घटकेला सुचलं."

खरं सांगायचं तर मला त्यांनीच कामावरून उठवलं होतं. सकाळी साडेसातला मी टाक्यांची शेवटची पाहणी करून, उसन्या डांगरीत घामाघूम होऊन वर येते न येते तो शिपाई धावत आला. आरतीचं ताट धरायला ठरलेली पोस्टमास्तरांची मुलगी कांजिण्यांनी आडवी झाली होती आणि यार्डात बाईमाणूस मी एकटीच. "धावत घरी जा, साडी नेसून ये, साहेबांनी सांगितलंय." मी तशीच सायकलवर टांग मारली. आल्यावर दोन तास ताट धरून चालायची तालीम. डावा पाय, उजवा पाय, थांबा, हसा. तेवढ्या वेळात माझ्या बोर्डापाशी काळं कुत्रं नव्हतं. आणि दहा वाजताच आमच्या फिटर फिलिपने साहेबांच्या सांगण्यावरून टाक्यांची झाकणं बोल्ट मारून टाकली होती. सही काय, नंतर घेऊ!

"फिलिप," मी त्याला विचारलं, "झाकण लावताना आत बॅटरी मारलीस?"

"मारलंय तर."

"काय दिसलं?"

"काळोख."

"आणि हाक?"

"हाक मारून काय करतलंय? बँडवाल्यांची तालीम चालली होती. माका माझीच हाक आयकाक येय नाय होती!"

 जहाज पाण्यात गेल्यावर तासाभरात त्याच टाक्यांत पाणी भरायचं होतं, जहाज सरळ तरंगावं म्हणून. आत कुणी असेल तर त्याच्यासाठी तो तासही फार झाला, कारण बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायू खातो. हे मला पहिल्या दिवशी मेस्त्रीकाकांनीच शिकवलं होतं.

भिवा मेस्त्री म्हणजे यार्डाचे सुतारांचे फोरमन. त्यांच्या सात पिढ्या होड्या बांधत आलेल्या. जहाज पोलादाचं असलं तरी ते ज्या लाकडी पाळण्यात बसवून सोडायचं तो पाळणा मेस्त्रीकाकांचा. मला ते "बाय" म्हणायचे आणि माझ्या बोर्डाला "तुझी शाळा". स्वतः मात्र उभ्या जन्मात बिल्ला लावला नाही. "माका कित्याक बिल्लो? माका सगळे वळाखतत." आणि आज ते रुसून घरी गेले होते. होडी पाण्यात सोडताना गाऱ्हाणं घालायची त्यांच्या घराण्याची रीत. देवाला मोठ्याने सांगायचं, बा देवा, अशी अशी होडी आहे, हिला सांभाळ, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. काकांनी कार्यक्रमात पाच मिनिटं मागितली. साहेब म्हणाले, नौदलाचा कार्यक्रम आहे, मिनिटामिनिटाचा कागद दिल्लीहून आलाय, त्यात गाऱ्हाणं बसत नाही. काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि नऊ वाजता जे गेले ते गेलेच.

ते असते तर माझ्या बाजूने कुणीतरी बोललं असतं, असं मला राहून राहून वाटत होतं.

"सुगंधा," साहेब म्हणाले, "आता तूच ठरव. हा बिल्ला काढून सही केलीस तर पुढच्या आठवड्यात तुझ्या कायमच्या कागदावर मी सही करतो. नाही केलीस तर मी करणार नाही. सरळ हिशेब."

तेवढ्यात मांडवात बँड सुरू झाला आणि जहाजाखाली घणांचे ठोके पडायला लागले. शेवटच्या पाचरी निघत होत्या. मी ताट खाली ठेवलं. निरांजन अजून तेवत होतं. मग मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि लोखंडी बुटांनी धाड धाड करत मांडवात पळत गेले. त्या पळण्याचा फोटो आहे. त्यात माझं तोंड इतकं उघडं आहे की दाताच्या डॉक्टरला दाखवता येईल.

"बँड बंद! घण बंद! सगळे गप्प!"

बँडमास्तर बिचारा घाबरून हात वर करूनच उभा राहिला. घण थांबले. सहाशे माणसं माझ्याकडे वळली. तीनशे खुर्च्यांवर, तीनशे आंब्याच्या झाडांवर.

उंच व्यासपीठावर, जहाजाच्या नाकाशी, हातात नारळ घेऊन मिसेस बागची उभ्या होत्या. नौदलाचं जहाज बाईच्या हातून पाण्यात उतरतं, आणि मोठ्या अधिकाऱ्याची ही बायको त्यासाठी विशाखापट्टणहून आली होती. साठीच्या, ठेंगण्या, चष्मेवाल्या. त्यांनी वरून वाकून विचारलं, "क्या हुआ, बेटी?"

"मॅडम, एक बिल्ला जादा है!"

माझं हिंदी एवढंच. साहेब मागून धावत आले आणि सांगायला लागले, की काही नाही मॅडम, किरकोळ आहे, मुलगी नवीन आहे. पण मिसेस बागचींनी चष्मा सरळ केला. "जादा है मतलब? कोई अंदर रह गया?"

"पता नहीं, मॅडम!"

त्यांनी नारळ शेजारच्या अधिकाऱ्याच्या हातात कोंबला, साडीचा पदर सावरला आणि सरळ जहाजाच्या पोलादाला कान लावला. त्यांच्या मागोमाग दोन अधिकाऱ्यांनी टोप्या काढून कान लावले. खाली घणवाल्यांनी लावले. दोन मिनिटांत शंभर मीटरच्या जहाजाला या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं कान लावून चिकटली होती. भटजीबुवाही. एवढी माणसं एवढी गप्प मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. फक्त आंब्यावर एक जण शिंकला आणि दहा जणांनी त्याला शुक् केलं.

ठक.

मिसेस बागचींनी बोट वर केलं.

ठक. ठक.

"है!" त्या ओरडल्या. "अंदर है!"

मग जो गोंधळ उडाला! मी पुढे, फिलिप पाना घेऊन मागे, त्याच्या मागे चार पोरं आणि सगळ्यांत शेवटी नाखरे साहेब कोटासकट. शिडी चढलो, इंजिनच्या खोलीत उतरलो, तिथून खाली. साडी दोन ठिकाणी फाटली, आईची! तिसऱ्या टाकीच्या झाकणाशी पोचलो तर खालून आवाज येत होता. घोगरा, लांबचा, पण वाक्यं कळत होती.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

फिलिपच्या हातातला पाना थांबला.

"आज ह्या जहाजाच्या पोटात तुझो लेकरू अडाकलो हा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे एकदम बोललो. सवयच ती. कुणी गाऱ्हाणं घातलं की तोंडातून आपोआप येतंच. फिलिप तर चर्चला जाणारा, त्याचाच आवाज सगळ्यांत खणखणीत.

 खालून आवाज आला, "कोण रे ता? देव?"

"फिलिप!"

"मेल्या, देवाच्या नावान बोंबलतंस काय? झाकण काड!"

सोळा बोल्ट. फिलिपने ते किती वेळात काढले ते मी सांगितलं तर खोटं वाटेल. झाकण सरकलं आणि आतून आधी टोपी वर आली, मग भिवा मेस्त्री. घामाने निथळत होते, ओठ निळसर पडले होते, हातात सुपारी आणि विड्याचं पान. धापा टाकत ते झाकणाच्या कडेवर बसले आणि दहा मिनिटं नुसती हवा पीत राहिले. दहा नसतील, दोन असतील. मला दहा वाटली.

कार्यक्रमात गाऱ्हाणं बसत नाही म्हटल्यावर ते कागदाबाहेर घालायला गेले होते. साहेबांच्या नाकावर टिच्चून, जहाजाच्या पोटात, जिथे कुणाचा कागद पोचत नाही तिथे.

"काका!" साहेबांना खरंच रडू फुटलं. "अहो काका, तुम्ही!" आणि मग त्यांनी माझा हात धरला. "सुगंधा, या बिल्ल्याने माणूस वाचवला. मेस्त्रीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा बिल्ला लावला आणि तू तो बघितलास!"

आम्ही वर आलो. बाहेर टाळ्या, शिट्ट्या, बँडमास्तराने कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. मिसेस बागचींनी मला मिठी मारली, त्यांच्या चष्म्याची काडी माझ्या कानात गेली. अकरा बेचाळीस झाले होते. "बोर्ड साफ कर आणि सही कर," साहेब म्हणाले, आणि या वेळी कसं प्रेमाने म्हणाले!

मी आनंदाने तरंगत बोर्डापाशी गेले. मेस्त्रीकाका माझ्यामागे आले. त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाय, ह्यो बिल्लो खयसून इलो?"

"म्हणजे? तुम्हीच लावलात ना?"

"मी खयचो लावतंय? मी बिल्लो लावूकच नाय!"

 टाळ्या चालू होत्या, बँड चालू होता, भरती भरली होती, आणि बोर्डावर सात नंबर तसाच.

"काका, मग आत अजून कोणीतरी आहे!"

मी पुन्हा मांडवाकडे धाव घेणार, तोंड उघडलंही होतं, एवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. सुताराची पकड, हलता येईना.

"गप रव. मी सगळ्या टाक्यांतून रांगलंय, दोन तास आत होतंय. आत चिटपाखरू नाय." मग त्यांनी डोळे बारीक केले. "सकाळी माझ्याआधी आत कोण गेलेला?"

"कुणी नाही. फक्त शेवटच्या पाहणीला मी..."

आणि मी थांबले.

माझी डांगरी आदल्या दिवशी धुवायला टाकली होती. माझा बिल्ला तिच्या खिशात. म्हणून उसन्या डांगरीत, डब्यातला एक सुट्टा बिल्ला घेऊन मी आत गेले होते. वहीत लिहिलं नव्हतं, कारण लिहिणारी मीच, मला विचारणार कोण? आणि वर आल्या आल्या शिपाई. साडी. ताट. डावा पाय, उजवा पाय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी अख्खं नौदल थांबवलं होतं, अधिकाऱ्यांचे कान पोलादाला लावले होते, ते मला स्वतःला शोधायला.

मेस्त्रीकाकांच्या लक्षात आलं तसे त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसतं पोट गदगदा. मग मलाही फुटलं. मघापासूनची भीती, नोकरी, निळे ओठ, सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं, बिचारी भावुक झाली.

"काका, मी साहेबांना सांगते."

"काय सांगतलंस? तू इसारलंस म्हणान मी वाचलंय? तुझी नोकरी जायत, आणि बिल्लो लावूक नाय म्हणान माझी. दोघांची चूक मेळान एक बरा काम झाला, ता कित्याक मोडतंस? भरती कोणासाठी थांबणा नाय. कर सही!"

मी माझ्या हाताने माझा बिल्ला काढला आणि सही केली. अकरा एकोणपन्नासला मिसेस बागचींनी नारळ फोडला. एकशे बारा क्षणभर जागेवरच राहिलं, मग इंचाइंचाने सरकलं, मग सुसाट. पाळण्याच्या लाकडांतून धूर निघाला, खाडीचं पाणी दोन्ही काठांवर चढलं आणि ते अजस्र धूड बदकासारखं तरंगायला लागलं. काका माझ्या शेजारी उभे राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मी हळूच 'होय म्हाराजा' म्हणत होते.

मी कायम झाले. नाखरे साहेबांनी तो सात नंबरचा बिल्ला काचेच्या पेटीत ठेवला आणि खाली लिहिलं, 'नियम पाळा, जीव वाचवा'. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या पोरांसमोर भाषण माझं, आणि पाहुणे भिवा मेस्त्री. काका तर असं रंगवून सांगायचे! "मी बिल्लो लावलंय, देवाचा नाव घेतलंय नि मगच आत पाय टाकलंय." सांगताना माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मी पायाची नखं बघायची. पुढे यार्डात बिल्ला न लावता कुणी टाकीत उतरेनासं झालं. खोट्या गोष्टीने एवढं खरं काम केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही, आणि तरी पंचवीस वर्षं ती काचेची पेटी माझ्या डोळ्यांत सलत राहिली.

या वर्षीचा सुरक्षा सप्ताह माझा शेवटचा म्हणायचा, कारण मी लवकर निवृत्ती घेतली आहे. काका चौऱ्याऐंशीचे. नातवाने हात धरून व्यासपीठावर आणलं. पहिल्या रांगेत निवृत्त नाखरे साहेब, मागे दोनशे कामगार, त्यांत बोर्ड सांभाळणारी नवी मुलगी. सूत्रसंचालकाने माइक दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, पेटीकडे बघितलं, आणि भाषण सोडून भलतंच सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सभागृह हसत हसत गरजलं.

"सव्वीस वर्सांमागे ह्या भिवा मेस्त्र्यान बिल्लो लावूक नाय होतो म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी खुर्चीत ताठ झाले.

"पेटीतलो बिल्लो ह्या बायचो म्हाराजा! ताटाच्या घाईत तिचो काडूचो रवलो, नि तेच्यान माझो जीव वाचलो म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोनशे तोंडांतून सवयीने निघून गेलं, आणि मग सभागृहात कुजबुज सुरू झाली. नाखरे साहेब शेजाऱ्याकडे वाकून म्हणाले, "वय झालं हो. भ्रम झालाय बिचाऱ्याला." लोक माना हलवायला लागले. पोरं तोंड दाबून हसत होती. काका माइक धरून उभे होते, आणि त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा व्यासपीठावरून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या दोघांचा चुकला माकला पोटात घाल म्हाराजा," ते म्हणाले.

या वेळी कुणीच बोललं नाही.

मी उभी राहिले. तीच आईची इरकल नेसले होते, रफू केलेली. माझा आवाज असा मोठा लागला की मागच्या खिडकीवरची कबुतरं उडाली.

"होय म्हाराजा!"